थंडीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या वंगण तेलाची निगा

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत नाशिक जिल्ह्यातील निफाड भागात पहाटेचे तापमान पुष्कळ वर्षी ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. विदर्भात नागपूर, गोंदिया या बाजूसही थंडीचा कडाका चांगलाच जाणवतो. अशा वेळी द्राक्षबागाईतदार मण्यांच्या काळजीने रात्र जागवितो, पहाटे बागेस पाणी देतो, शेकोट्या पेटवून धूर करतो. पिकास थंडी बाधते हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. मात्र त्याच पहाटे शेडमध्ये उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या इंजिनातील तेलासही थंडीचा उपद्रव होतो, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

याचे कारण उघड आहे. आपल्याकडील थंडी हिमालयाच्या पायथ्याइतकी किंवा बर्फ पडणाऱ्या देशांइतकी कडक नसते. एक-दोन वेळा सेल्फ मारला की इंजिन चालू होते आणि काम निभावते. त्यामुळे थंडीने यंत्राचे काही बिघडत नाही असा समज दृढ होतो. परंतु थंडीत जे नुकसान होते ते थंडीतच दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत बिघडलेले तेल एप्रिल-मे महिन्यांत, उन्हाळी नांगरटीच्या ऐन भरात इंजिनास बाधते. त्या वेळी दोष उन्हास दिला जातो, कधी मिस्त्रीस, तर कधी तेलाच्या डब्यास. खरा दोष मात्र हिवाळ्यात ट्रॅक्टर कसा चालविला गेला यात असतो. यास्तव थंडीच्या दिवसांतील कोणत्या सवयींमुळे तेल बिघडते, ते कसे ओळखावे आणि त्यावर कोणते उपाय योजावेत, याची माहिती येथे दिली आहे.

वंगण तेलाची कामे

इंजिनातील तेल केवळ घर्षण कमी करते, एवढेच आपण धरून चालतो. वस्तुतः त्यास एकाच वेळी पाच कामे करावी लागतात. पहिले काम म्हणजे बेअरिंग, पिस्टन, कॅमशाफ्ट इत्यादी फिरत्या व सरकत्या भागांमध्ये पातळ पापुद्रा राखून धातूवर धातू घासू न देणे. दुसरे, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांमधील सूक्ष्म फट भरून काढून वायूचा दाब टिकविणे. तिसरे, जेथे पाणी पोहोचत नाही अशा भागांतील उष्णता वाहून नेणे. चौथे, काजळी व मळ आपल्या अंगात तरंगत ठेवून तो भागांवर बसू न देणे. पाचवे, ज्वलनातून उत्पन्न होणारी आम्ले निष्प्रभ करून गंज रोखणे.

ही सर्व कामे तेलाने नीट करावयाची असतील, तर ते योग्य तापमानास पोहोचले पाहिजे. इंजिन गरम होऊन त्यावर भार पडला म्हणजे चेंबरमधील तेल साधारणतः ८० ते १०० अंशांपर्यंत तापते. तेल इतके तापण्यापूर्वीच काम संपवून इंजिन बंद करणे, अथवा इंजिन दिवसभर निवत ठेवून चालविणे, या दोन्ही प्रकारांस प्रस्तुत लेखात ‘थंड चाल’ म्हटले आहे.

थंड चालीत तेलाचे काय होते

थंड चालीमुळे तेलावर तीन प्रकारचे परिणाम होतात.

पहिला परिणाम घट्टपणाचा. तापमान उतरले की तेल घट्ट होते, हे खोबरेल तेलावरून प्रत्येकास ठाऊक आहे. इंजिनातील तेल खोबरेलासारखे थिजत नाही, परंतु त्याचा वाहतेपणा पुष्कळच कमी होतो. १५डब्ल्यू-४० या नेहमीच्या प्रतीचे तेल १०० अंशांवर जितके घट्ट असते, त्याच्या सुमारे सातपट ते ४० अंशांवर असते. ५ अंशांवर तर ते याहूनही कित्येक पटींनी घट्ट होते. इंजिन चालू झाल्यावर असे तेल पंपातून वरच्या भागांपर्यंत पोहोचण्यास काही क्षण अधिक लागतात. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनात भागांवर तेलाचा अगदी पातळ पापुद्राच शिल्लक असतो. म्हणून हे पहिले काही क्षण झिजेच्या दृष्टीने फार महत्त्वाचे असतात.

दुसरा परिणाम पाण्याचा. एक लिटर डिझेल पूर्ण जळाले म्हणजे त्यातून सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने उत्पन्न होते. यांतील बहुतेक वाफ धुराबरोबर बाहेर जाते. मात्र थोडा वायू पिस्टनच्या रिंगांमधून खाली चेंबरमध्ये शिरतो आणि त्याबरोबर वाफही जाते. इंजिन गरम असेल तर ही वाफ ब्रीदरच्या वाटे निघून जाते. इंजिन गार असेल तर मात्र पहाटे गवतावर दव जमावे त्याप्रमाणे ती चेंबरच्या व व्हॉल्व्ह कव्हरच्या गार पत्र्यावर पाण्याचे थेंब होऊन जमते आणि तेलात उतरते.

तिसरा परिणाम डिझेलचा, आणि तो सर्वांत हानिकारक आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. सिलिंडर गार असला म्हणजे दाबलेली हवाही पुरेशी तापत नाही. नोझलमधून उडालेल्या डिझेलचा काही अंश न जळता सिलिंडरच्या भिंतीवर बसतो. सकाळी चालू होताना इंजिन पांढरा धूर सोडते, तो मुख्यतः या न जळलेल्या इंधनाचाच असतो. भिंतीवर बसलेले डिझेल तेथील तेलाचा पापुद्रा धुऊन काढते आणि रिंगांवरून ओघळून चेंबरमध्ये उतरते.

येथे पाणी आणि डिझेल यांतील एक महत्त्वाचा भेद ध्यानात घेतला पाहिजे. तेलात शिरलेले पाणी, इंजिन पुरेसा वेळ भाराखाली गरम चालले तर, वाफ होऊन बहुतांशी निघून जाते. डिझेलचे तसे नाही. डिझेल सुमारे १८० ते ३६० अंशांच्या दरम्यान उकळते आणि चेंबरमधील तेल इतके कधीच तापत नाही. म्हणून तेलात मिसळलेले डिझेल बहुतांशी तेथेच राहते व दिवसेंदिवस साठत जाते. ते काढून टाकण्याचा तेल बदलण्यावाचून दुसरा व्यवहार्य उपाय नाही.

पाणी, काजळी आणि अर्धवट जळलेले इंधन एकत्र आले की त्यांचा चिकट काळा गाळ बनतो. तो तेलाच्या जाळीवर, फिल्टरमध्ये आणि बारीक वाहिन्यांत बसतो. शिवाय पाण्याच्या योगाने सौम्य आम्ले तयार होऊन बेअरिंगच्या मऊ धातूस खातात. पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधक बरेच असल्याने आम्लाचा उपद्रव मोठा होता. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळू लागलेल्या भारत स्टेज-६ डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत १० भागांहून अधिक नसते. त्यामुळे गंधकाच्या आम्लाचे भय आता बरेच ओसरले आहे. पाणी आणि डिझेल यांचे भय मात्र पूर्वीइतकेच कायम आहे.

दोन ट्रॅक्टरांचा हिशोब

तेल किती तासांनी बदलावे हे यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. अनेक ट्रॅक्टरांस ही मर्यादा २५० तासांची असते. अवरमीटर पाहून तेल बदलणे ही चांगली सवय होय; परंतु केवळ तासांवर विसंबल्यास कशी फसगत होते ते पुढील उदाहरणावरून कळून येईल.

समजा, एका गावात सारखेच दोन ट्रॅक्टर आहेत. पहिला ट्रॅक्टर घराजवळच्या कामास असतो. सकाळी दुधाचे कॅन रस्त्यावर पोहोचविणे, दुपारी खताची पोती बागेत नेणे, सायंकाळी चारा आणणे अशा दिवसाकाठी तीन खेपा होतात. प्रत्येक खेप १२ मिनिटांची आहे. दिवसभरात हा ट्रॅक्टर ३६ मिनिटे चालतो. दुसरा ट्रॅक्टर साखर कारखान्यास ऊस वाहतो. तो दिवसास सहा तास भाराखाली चालतो आणि मधल्या विश्रांतीमुळे दोनदा चालू करावा लागतो.

ऊस वाहणारा ट्रॅक्टर ४२ दिवसांत २५० तास पुरे करतो. तेवढ्या अवधीत तो ८४ वेळा चालू होतो आणि त्यातील निम्म्या वेळी इंजिन अद्याप कोमट असते. पहिल्या ट्रॅक्टरास २५० तास पुरे होण्यास जवळजवळ १४ महिने लागतात आणि तेवढ्यात तो १,२५० वेळा चालू होतो. या १,२५० खेपांपैकी थंडीतील बहुतेक खेपांत तेल पुरते तापण्याच्या आधीच इंजिन बंद झालेले असते.

अवरमीटरच्या दृष्टीने दोन्ही तेले सारखीच जुनी ठरतात. प्रत्यक्षात पहिल्या ट्रॅक्टरचे तेल कितीतरी अधिक बिघडलेले असते. ‘आमचा ट्रॅक्टर फारसा चालतच नाही, मग तेल कशाला बदलावयाचे?’ असे म्हणणाऱ्या शेतकऱ्यानेच तेलाची अधिक चिंता करावयास हवी, हा या हिशोबाचा अर्थ आहे.

तेल बिघडविणाऱ्या सवयी

(१) चालू करून उभे ठेवणे. सकाळी सेल्फ मारावा, ट्रॅक्टर अंगणात तसाच चालू ठेवावा आणि चहा-न्याहारी आटोपून अर्ध्या तासाने बाहेर यावे, ही रीत गावोगाव आढळते. इंजिन गरम व्हावे हा त्यामागील हेतू चांगला असतो. परंतु भाराविना संथ गतीने चालणारे डिझेल इंजिन फार सावकाश तापते. सिलिंडरमधील दाब कमी राहिल्याने रिंगा भिंतीस घट्ट लागत नाहीत, इंधन अर्धवट जळते आणि डिझेल तेलात उतरत राहते. अर्थात ज्या कारणाने इंजिन तापवावयाचे, तेच नुकसान या रीतीने अधिक होते. शिवाय डिझेल फुकट जाते ते वेगळेच.

(२) चालू होताच रेस करणे. काही चालक याच्या उलट करतात. इंजिन पेटताच ॲक्सिलरेटर दाबून मोठा आवाज काढतात. घट्ट तेल अद्याप वरच्या भागांपर्यंत पोहोचलेले नसताना भागांची गती मात्र पुरी झालेली असते. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनांत ही सवय विशेष घातक ठरते.

(३) लहान लहान खेपा. हिवाळ्यात कांद्याची रोपे वाहणे, जानेवारीनंतर द्राक्षांचे क्रेट बागेतून रस्त्यापर्यंत आणणे, यांसारखी कामे तुटक असतात. प्रत्येक खेपेस इंजिन बंद करून तासाभराने पुन्हा चालू केल्यास ते दिवसभर निवतच राहते.

(४) थर्मोस्टॅट काढून टाकणे. उन्हाळ्यात रेडिएटरमधील पाणी उकळू लागले की थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला कोठे कोठे दिला जातो. थर्मोस्टॅट हे पाण्याच्या वाटेवरील एक झडपेचे यंत्र असून पाणी पुरेसे तापेपर्यंत ते रेडिएटरकडील वाट बंद ठेवते. ते नसले म्हणजे हिवाळ्यात इंजिनातील पाणी सारखे रेडिएटरमधून फिरत राहते आणि इंजिन तासभर चालूनही गारच राहते. पाणी उकळण्याचे मूळ कारण चोंदलेला रेडिएटर, सैल पट्टा किंवा निकामी झालेला थर्मोस्टॅट यांत शोधले पाहिजे.

(५) डिझेल पंपास अति गार पाणी देणे. विहिरीवरील अनेक लहान डिझेल इंजिनांत पंपाच्या पाण्याचाच एक फाटा इंजिन थंड करण्यास वळविलेला असतो. विहिरीचे पाणी सतत व भरपूर वाहत राहिल्याने असे इंजिन आठ तास चालले तरी त्याचे सिलिंडर निवतेच राहते. म्हणजे वेळ दीर्घ, पण चाल थंडच. इंजिनातून बाहेर पडणारे पाणी गार किंवा जेमतेम कोमट लागत असेल, तर फाट्यावरील कॉक थोडा थोडा आवळून पाणी चांगले गरम येईल असे करावे. मात्र कॉक पुरता बंद करू नये आणि पुस्तिकेत दिलेल्या तापमानापलीकडे पाणी तापू देऊ नये.

नुकसान उन्हाळ्यात कसे दिसते

समजा, लहान ट्रॅक्टरच्या इंजिनात पाच लिटर तेल बसते. हिवाळ्याच्या अखेरीस त्यात पाव लिटर डिझेल मिसळले, म्हणजे शेकडा ५ भाग झाले. एवढ्या मिश्रणाने ४० प्रतीचे तेल ३० प्रतीइतके पातळ होऊ शकते. हिवाळ्यातील हलक्या कामांत याचा त्रास जाणवत नाही. उलट सेल्फ हलका फिरतो म्हणून बरेच वाटते.

पुढे चैत्र-वैशाखात हाच ट्रॅक्टर नांगरास जुंपला जातो. तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते, जमीन तापून कठीण झालेली असते आणि इंजिनावर तासन्तास पूर्ण भार असतो. चांगले तेलही अशा वेळी पातळ होते; आधीच डिझेलने पातळ झालेले तेल तर बेअरिंगवर पुरेसा पापुद्रा धरू शकत नाही. तेलाचा दाब उतरतो. हिवाळ्यात साचलेला गाळ जाळीवर बसलेला असेल तर दाब आणखी उतरतो. रिंगा व लायनर झिजतात, तेल जळू लागते, निळा धूर दिसतो आणि शेवटी बेअरिंग धरते. मग इंजिन उतरविणे, क्रँकशाफ्ट घासून घेणे, लायनर-पिस्टन बदलणे हा खर्च कित्येक वर्षांच्या तेलाच्या खर्चाहून अधिक होतो.

खर्चाइतकीच वेळेचीही हानी मोठी असते. नांगरट राहिली तर ढेकळे तापत नाहीत आणि खरिपाची पूर्वतयारी मागे पडते. द्राक्षबागेत फवारणीच्या ऐन दिवशी ट्रॅक्टर बंद पडला आणि भुरीवरील औषध दोन दिवस लांबले, तर वर्षभराच्या कष्टाचे मोल कमी होऊ शकते. इंजिन दुरुस्त होते. हातचा गेलेला दिवस परत येत नाही.

तेलाची घरच्या घरी परीक्षा

तेलाचा रंग पाहून ते चांगले की वाईट हे ठरविता येत नाही. डिझेल इंजिनातील नवे तेलही थोड्याच तासांत काळे पडते. मळ अंगात तरंगत ठेवण्याचे आपले काम तेल करीत आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. त्यापेक्षा पुढील गोष्टी पाहाव्यात.

तेलाची पातळी. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, इंजिन बंद केल्यावर १० मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा घालून पातळी पाहावी व वहीत टिपून ठेवावी. पातळी उतरली तर शेतकरी सावध होतो. पातळी चढली तर मात्र समाधान मानतो. हे चूक आहे. तेल न घालता पातळी वाढली, याचा अर्थ त्यात डिझेल अथवा पाणी शिरत आहे असा होतो. असे तेल ताबडतोब बदलावे. बदलल्यावरही पातळी पुन्हा चढू लागली तर नोझल, डिझेल पंप व हेड गॅस्केट यांची तपासणी करून घ्यावी.

वास. डिपस्टिकवरील तेलास डिझेलचा स्पष्ट वास येत असेल, तर मिश्रण झाले असे समजावे.

झाकणाखालचा थर. तेल भरण्याच्या झाकणाच्या आतील बाजूस पिवळसर-पांढरा सायीसारखा थर दिसल्यास पाण्याची वाफ आत जमत आहे, म्हणजे इंजिन पुरेसे तापत नाही, असे समजावे. परंतु डिपस्टिकवरील संपूर्ण तेलच दुधाळ दिसू लागले तर प्रकार गंभीर आहे. रेडिएटरमधील पाणी तेलात उतरत असण्याचा संभव असतो. अशा स्थितीत इंजिन चालू करू नये आणि मिस्त्रीस बोलवावे.

कागदावरील डाग. गरम इंजिनातील तेलाचा एक थेंब टीपकागदावर सोडून काही तास आडवा ठेवावा. डाग मधून कडेपर्यंत सारखा करडा पसरला तर तेलात मळ पेलण्याची शक्ती शिल्लक आहे. मध्ये गडद काळा ठिपका व त्यास स्पष्ट कड असेल, तर ती शक्ती संपत आली आहे. बाहेरच्या बाजूस फिकट रंगाचे रुंद वलय उमटले तर डिझेलचा संशय घ्यावा.

पाण्याची परीक्षा. उघड्यावर, तेलाचा डबा व डिझेल यांपासून दूर, तापविलेल्या लोखंडी पत्र्याच्या तुकड्यावर तेलाचे एक-दोन थेंब टाकावेत. पत्रा लाल होईतो तापवू नये. तडतड आवाज आला तर तेलात पाणी आहे. ही परीक्षा करताना तोंड व डोळे दूर ठेवावेत आणि स्वयंपाकाचा तवा या कामी वापरू नये.

काय करावे

१. इंजिन चालू झाल्यावर तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत किंवा काटा वर येईपर्यंत हात आखडता ठेवावा. त्यानंतर एक-दोन मिनिटे थांबून ट्रॅक्टर हलवावा. मध्यम गतीने व हलक्या भाराने चालवीत इंजिन तापू द्यावे. इंजिन तापविण्याची खरी रीत उभे राहून नव्हे, हलके चालवून तापविण्याची होय.

२. तापमानाचा काटा हिरव्या पट्ट्यात आल्याबरोबर पूर्ण भार टाकू नये. तो काटा पाण्याचे तापमान दाखवितो. तेल पाण्याच्या मागून तापते. आणखी १० ते १५ मिनिटांनी नांगर, रोटाव्हेटर अथवा भरलेली ट्रॉली यांचा पुरा भार द्यावा.

३. लहान खेपा एकत्र गुंफाव्यात. दूध, खत व चारा यांसाठी तीन वेळा इंजिन चालू करण्याऐवजी शक्य तेथे एकाच फेरीत कामे उरकावीत. अगदी हलके काम बैलगाडीने किंवा हातगाड्याने होत असेल तर ट्रॅक्टर काढू नये.

४. तुटक कामावरील ट्रॅक्टर आठवड्यातून एकदा तरी किमान तासभर भाराखाली चालेल अशी कामाची मांडणी करावी. यामुळे साचलेले पाणी निघून जाते. रिकामा चालवून हे साधत नाही.

५. पाच मिनिटांहून अधिक काळ काम नसेल तर इंजिन बंद करावे. मात्र जड काम संपल्याबरोबर टर्बोचार्जर असलेले इंजिन एकदम बंद न करता दोन-तीन मिनिटे संथ चालवून मग बंद करावे.

६. तेलाची प्रत पुस्तिकेप्रमाणेच असावी. २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० या नावातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे दर्शक असून त्यामागील आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत अधिक वाहते राहते. या प्रती शून्याखालील तापमानाचा विचार करून ठरविलेल्या असल्यामुळे महाराष्ट्रातील थंडीस त्या पुरेशा आहेत. तेल पातळ करण्यासाठी त्यात रॉकेल अथवा डिझेल कदापि मिसळू नये. चेंबरखाली जाळ करून तेल तापविण्याचा प्रयत्नही करू नये. त्यात आगीचा धोका आहे.

७. ट्रॅक्टर रात्री उघड्यावर न ठेवता छपराखाली ठेवावा. जागा नसल्यास इंजिनावर ताडपत्री टाकावी आणि सकाळी चालू करण्यापूर्वी ती आठवणीने काढावी. थर्मोस्टॅट जागेवर व चालू स्थितीत आहे याची हिवाळ्यापूर्वी खात्री करून घ्यावी.

८. थंडीत ज्या ट्रॅक्टरच्या बहुतेक खेपा लहान असतात, त्याचे तेल पुस्तिकेतील तासांच्या निम्म्या तासांत बदलावे. तास भरोत वा न भरोत, हिवाळा संपताच, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीस आणि उन्हाळी नांगरटीपूर्वी, तेल व फिल्टर दोन्ही बदलावेत. वर्षातून एकदाच तेल बदलणे परवडत असेल, तर ते याच सुमारास बदलावे.

९. तेल काढताना इंजिन गरम असावे, म्हणजे गाळ तेलाबरोबर निघून येतो. मात्र तेलाने हात भाजणार नाही याची दक्षता घ्यावी. तेल बदलल्याची तारीख, अवरमीटरचा आकडा आणि तेलाची प्रत वहीत नोंदवावी.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

काढलेले तेल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. थोड्या तेलानेही पुष्कळ पाणी पिण्यास अयोग्य होते. थंडीत बागेत धूर करण्यासाठी शेकोटीवर जुने तेल ओतण्याचा मोह होतो, तोही टाळावा. अशा धुरात आरोग्यास अपायकारक द्रव्ये असतात आणि त्याची काजळी विक्रीच्या मालावर बसते. केंद्र शासनाच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून, पाणी अथवा इतर द्रव न मिसळता, अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोहोचेल अशा रीतीने द्यावे. असे तेल कातडीस वारंवार लागणे चांगले नाही. काम झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

सारांश

आपल्याकडील थंडीत इंजिनाचे तेल गोठत नाही. ते बिघडते ते थंड चालीमुळे. पाणी व डिझेल तेलात शिरते. त्यांपैकी पाणी गरम चालीने निघून जाते, डिझेल मात्र तेल बदलल्याशिवाय जात नाही. म्हणून इंजिन हलके चालवून तापवावे, खेपा एकत्र कराव्यात, डिपस्टिकवर चढणाऱ्या पातळीस धोक्याची खूण समजावे आणि नांगरास ट्रॅक्टर जुंपण्यापूर्वी हिवाळ्यातील तेल काढून टाकावे.

बैल थकला तर तो आपली मान टाकतो आणि धन्यास ते दिसते. इंजिनास ती सोय नाही. त्याची प्रकृती डिपस्टिकच्या टोकावरच वाचावी लागते. आठवड्यातून एकदा ती पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. परंतु जो शेतकरी ती नेमाने पाहतो, त्याचा ट्रॅक्टर वैशाखातील नांगरटीत भर शेतात उभा राहण्याचा प्रसंग बहुधा येत नाही.